ढगाखालची घिरटी

इन्स्ट्रुमेंट अप्रोचच्या कागदाला वैमानिक 'प्लेट' म्हणतात. वहीच्या अर्ध्या पानाएवढा हा कागद. त्यावर एक जाड काळी रेघ असते आणि शिकाऊ माणसाचा सगळा जीव त्या रेघेत अडकलेला असतो. ढगात शिरल्यावर काचेबाहेर नुसतं पांढरं दिसतं. अशा वेळी कुठल्या ठिकाणी किती उंचीवर असायचं, कुठून खाली यायला लागायचं, कुठे थांबायचं हे ती रेघ सांगते. रेघ संपते तिथे मान वर करायची. धावपट्टी नाकासमोर दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर वर चढून ठरलेल्या वाटेने निघून जायचं. मी बरेच महिने हेच शिकत होते आणि त्यात चांगली रुळले होते.

मग सर्कलिंग अप्रोच शिकायची वेळ आली. त्या प्लेटवरची रेघ विमानतळापर्यंत येत होती आणि तिथेच थांबत होती. धावपट्टी तिच्या समोर नव्हती, आडवी पडली होती. ''इथून पुढे काय?'' मी विचारलं. माझे इन्स्ट्रक्टर म्हणाले, ''इथून पुढे तुझं तू बघायचं. ढगाखाली राहायचं, विमानतळ नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि वळसा घालून हव्या त्या धावपट्टीवर उतरायचं.''

ज्या विद्येत एकेक फूट आणि एकेक अंश कुणीतरी मोजून दिलेला असतो, तिथे ऐन शेवटच्या दोन मिनिटांची जागा कोरी कशी, हे मला काही केल्या समजेना.

मी सॅन डिएगोला राहते. इथल्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये समुद्रावरून ढगांचा एक सपाट थर आत येतो आणि दुपारपर्यंत हलत नाही. साध्या लायसन्सवर ढगांपासून लांब राहूनच उडावं लागतं, त्यामुळे अशा सकाळी विमान बांधून ठेवण्याशिवाय इलाज नसतो. म्हणून ढगातून उडायची परवानगी देणारं इन्स्ट्रुमेंट रेटिंग घ्यायचं ठरवलं. नोकरी सॉफ्टवेअरची, विमान भाड्याचं सेसना 172, आणि इन्स्ट्रक्टर म्हणजे अनेक वर्षं रात्रीबेरात्री मालवाहू विमानं उडवलेले गृहस्थ.

घिरटी घालायची वेळ येतेच का, हे आधी समजून घेतलं. एक कारण सोपं आहे. अप्रोच एका बाजूने आखलेला असतो आणि वारा त्या दिवशी उलट्या बाजूने वाहत असतो. पाठीवर वारा घेऊन उतरलं तर विमान धावपट्टीवर जास्त पळतं, म्हणून अप्रोच एका बाजूने करायचा आणि वळसा घालून दुसऱ्या टोकाने उतरायचं. दुसरं कारण जमिनीचं. डोंगर, टेकड्या, उंच मनोरे यांच्यामुळे कधी धावपट्टीच्या रेषेत येताच येत नाही. अमेरिकेत अप्रोचची शेवटची दिशा आणि धावपट्टी यांच्यात 30 अंशांपेक्षा जास्त कोन पडला की त्या अप्रोचला सरळ उतरण्याची किमान उंची दिली जात नाही. सरळ येऊनही उतार फार तीव्र होत असेल, तरी तेच. अशा अप्रोचच्या नावात धावपट्टीचा आकडा नसतो, अक्षर असतं: व्हीओआर-ए, आरनॅव्ह-बी. प्लेटच्या डोक्यावर असं एकटं अक्षर दिसलं की समजायचं, आज फिरावं लागणार.

इथवर ठीक होतं. गोंधळ सुरू झाला तो प्लेटच्या तळाशी असलेल्या कोष्टकात.

त्या कोष्टकात ए, बी, सी, डी असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली एक उंची आणि एक दृश्यता लिहिलेली असते. उंची म्हणजे एमडीए, मिनिमम डिसेंट अल्टिट्यूड. तिच्याखाली उतरायचं नाही. विमानाचा गट त्याच्या उतरण्याच्या वेगावरून ठरतो: 91 नॉटपेक्षा कमी तो ए, 91 ते 120 बी, 121 ते 140 सी, 141 ते 165 डी. सेसना 172 निर्विवादपणे ए गटातलं. मी ए रकान्यावर बोट ठेवलं आणि पुढे सरकणार, एवढ्यात इन्स्ट्रक्टरनी विचारलं, ''फिरताना तू किती वेगाने उडणार आहेस?''

अप्रोचवर आम्ही साधारण 90 नॉट ठेवतो. मागे वेगवान विमान असेल तर कंट्रोलर जरा लवकर आटपायला सांगतो, मग 100, 105. त्यांचं म्हणणं असं की 100 नॉटने फिरणार असशील तर आज तू ए गटात नाहीस. कागदावर विमान ए गटातलं असलं तरी उंची बी रकान्याची घ्यावी लागेल. मला हे जाचक वाटलं. दहा नॉटने असा काय फरक पडतो?

त्यांनी वही ओढली. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 90 नॉट वेग आणि 20 अंशांचा कल धरला तर त्रिज्या साधारण 2,000 फूट. 120 नॉटला, त्याच कलावर, 3,500. 140 नॉटला जवळपास 4,800. वेग दीडपट झाला की वळणाला सव्वादोनपट जागा लागते. मी हे गणित घरी पुन्हा करून पाहिलं. शाळेत शिकलेला वेगाचा वर्ग इथे डोंगराच्या अंतरात मोजला जात होता, आणि ए, बी, सी ही अक्षरं एकदम बोलायला लागली. त्या रकान्यांतून विमानतळाभोवतीची किती जागा माझ्यासाठी तपासून ठेवली आहे ते कळतं. मी जास्त वेगाने फिरले तर तपासलेल्या जागेच्या बाहेर जाणार, इतका साधा त्याचा अर्थ.

ही जागा आखतात कशी, ते मी कागदावर काढून पाहिलं, आणि कुणी शिकत असेल तर त्यानेही पेन्सिल घेऊन काढावी. प्रत्येक धावपट्टीच्या प्रत्येक टोकावर कर्कटक टेकवायचं. ए गटासाठी 1.3 सागरी मैलांची त्रिज्या घेऊन कंस मारायचे. मग ते कंस बाहेरून सरळ रेषांनी जोडायचे. जो बंद आकार तयार होतो त्याच्या आतली सगळ्यात उंच वस्तू शोधायची, मग ते झाड असो, टेकडी असो की पाण्याची टाकी, आणि तिच्यावर किमान 300 फूट मोकळे राहतील अशी एमडीए ठरवायची. आकाराच्या आत, एमडीएवर, कशालाही धडकणार नाही एवढी हमी मिळाली. बाहेर पाऊल टाकलं की हमी संपली.

आणि ती हद्द आकाशात कुठेच दिसत नाही. आंबोलीच्या घाटात दाट धुक्यात गाडी चालवताना कडेचे पांढरे रंगवलेले दगड तरी दिसतात. त्यांच्या आत राहायचं एवढं कळतं. इथे तसा एकही दगड नाही. जीपीएसच्या पडद्यावरही ही हद्द मला कुठे आखलेली दिसली नाही. ती डोक्यात आखून आणावी लागते.

त्यात दृश्यतेची भर. माझ्या गटासाठी बहुतेक प्लेटांवर दृश्यता 1 मैल लिहिलेली असते, आणि हा जमिनीवरचा मैल, 5,280 फुटांचा. हमीची हद्द 1.3 सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ 7,900 फुटांवर. दोन्ही आकडे मी कितीतरी वेळा शेजारीशेजारी वाचले होते. एका संध्याकाळी त्यांचा अर्थ लक्षात आला आणि मी खुर्चीत ताठ बसले. दृश्यता खरोखरच एक मैल असेल तर हद्दीच्या काठावरून मला धावपट्टी दिसणारच नाही. नियम तर म्हणतो की फिरताना विमानतळाचा ओळखू येईल असा भाग सतत दिसत राहिला पाहिजे. वळताना पंख आड आला तर तेवढंच काय ते माफ. म्हणजे खराब हवेत मला हद्दीच्या कितीतरी आत, धावपट्टीला बिलगून फिरावं लागणार. हमीची हद्द ही आखून दिलेली वाट आहे असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती कुंपण होती, आणि त्या दिवशीच्या धुक्याचं कुंपण तिच्याही आत असू शकत होतं.

इथे मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो गोंदियाला विमान शिकला आणि आता भारतात एअरबस 320 वर फर्स्ट ऑफिसर आहे. त्याला फोन करून मी मोठ्या उत्साहाने 1.3 मैलांची गोष्ट सांगितली.

''मावशी, आमच्याकडे हे आकडे वेगळे आहेत,'' तो म्हणाला.

''वेगळे कसे? विमान तेच, हवा तीच.''

''भारतात आयसीएओच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने आखतात. तुझ्या सेसनाला इथे 1.68 मैल मिळतील. माझं विमान सी गटातलं, त्याला 4.20.''

अमेरिकेत सी गटाला किती, हे पाहायला मी पुस्तक उघडलं. 2012च्या अखेरीपर्यंत तिथे सरसकट 1.7 मैल होते. 4.20 आणि 1.7! एकच विमान, तेच वैमानिक, आणि देश बदलला की पायाखालची तपासलेली जमीन निम्म्याहून कमी. त्यानंतर अमेरिकेत नवी मापं आली. उंचीवर हवा विरळ होते, प्रत्यक्ष वेग वाढतो, वळण रुंदावतं; हे धरून सी गटाची त्रिज्या कमी उंचीच्या ठिकाणीही 2.7 मैलांपर्यंत नेली, आणि उंचीबरोबर ती आणखी वाढत जाते. पण सगळ्या प्लेटा काही एका रात्रीत बदलल्या नाहीत. नव्या मापाने आखलेल्या प्लेटवर सर्कलिंगच्या ओळीत काळ्या चौकोनात पांढरा सी छापतात. तो चौकोन नसेल तर जुनं, आखूड माप धरायचं. नखाएवढ्या या खुणेवर एका मैलाचा फरक अवलंबून आहे. ए गटाला जुन्या-नव्या दोन्ही मापांत 1.3च आहेत, म्हणजे मला तसा फरक पडत नाही; तरीही आता कुठलीही प्लेट घेतली की मी आधी तो चौकोन शोधते.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. त्यांच्याकडे ही कोरी जागा घड्याळाने भरतात. ढगाखाली आल्यावर धावपट्टीच्या रेषेपासून 45 अंश बाजूला वळायचं, 30 सेकंद मोजायचे, मग धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचं. उतरायचं ते टोक बरोबर बाजूला आलं की पुन्हा घड्याळ सुरू करायचं. दर 100 फूट उंचीमागे 3 सेकंद. वारा असेल त्याप्रमाणे त्यात कमीजास्त करायचं. आकडे संपले की वळायचं, मग मन काहीही म्हणो. ''पण मावशी,'' तो म्हणाला, ''हे आम्ही सिम्युलेटरमध्येच जास्त करतो. खऱ्या खराब हवेत शक्यतो टाळतोच.'' अमेरिकेतही बऱ्याच विमान कंपन्या आपल्या वैमानिकांना घिरटीची मुभा ढगाचा तळ 1,000 फूट आणि दृश्यता 3 मैल असेल तरच देतात. दोन वैमानिक, जेट इंजिनं आणि वर्षातून ठरावीक वेळा सिम्युलेटरचा सराव असलेली माणसं जे टाळतात, ते एकटीने, भाड्याच्या सेसनात, 1 मैल दृश्यतेत करायची कायद्याने मला पूर्ण मुभा असणार होती. ही विसंगती तेव्हा मला टोचली आणि अजूनही टोचते.

प्रत्यक्ष सराव आम्ही किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या बाजूला असलेल्या एका छोट्या विमानतळावर केला. टॉवर नाही, रहदारी कमी. आकाश निरभ्र होतं; ढगाचं काम फॉगल्स करतात. हा धूसर काचांचा चष्मा घातला की फक्त समोरची उपकरणं दिसतात, बाहेरचं काही नाही. एमडीएवर पोचले, विमान सरळ केलं, इन्स्ट्रक्टर म्हणाले, ''काढ.''

फॉगल्स काढल्यावर पहिली जाणीव झाली ती जमिनीची. रोजच्या सरावात विमानतळाभोवती आम्ही जमिनीपासून 1,000 फुटांवर फिरतो. इथे आम्ही 500 फुटांच्या आसपास होतो. तबेल्यातले घोडे मोजता येत होते. विजेच्या तारांचे खांब दिसत होते, तारा मात्र दिसत नव्हत्या. धावपट्टी उजवीकडे तिरकी पसरलेली. टेकडीची धार खिडकीत नेहमीपेक्षा वर होती.

इन्स्ट्रक्टरनी पहिला फेरा स्वतः मारून दाखवला आणि मला फक्त बघायला सांगितलं. त्यांनी धावपट्टी डाव्या बाजूला घेतली, कारण मी डाव्या खुर्चीत बसते आणि वळताना मला ती दिसायला हवी. टॉवर नसलेल्या विमानतळावर, वेगळं काही सांगितलेलं नसेल तर, वळणंही डावीकडेच घ्यायची असतात. समांतर उडताना मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, आपण फार लांब आलो आहोत. धावपट्टी अगदी चपटी, दूर गेल्यासारखी दिसत होती. ''जवळ जायला हवं ना?'' मी म्हणाले. ते म्हणाले, ''तसं वाटतं खरं. खाली उतरल्यावर हेच गणित कर.''

केलं. एरवी 1,000 फुटांवरून, 4,000 फूट अंतरावरची धावपट्टी क्षितिजाखाली साधारण 14 अंशांवर दिसते. डोळ्यांना त्या कोनाची सवय झालेली असते. खिडकीच्या कुठल्या भागात धावपट्टी आली की अंतर बरोबर, हे न मोजता कळतं. आता उंची 500 झाली. तोच कोन हवा असेल तर अंतर 2,000 फूट करावं लागेल. म्हणजे डोळे मला धावपट्टीकडे ओढत नेणार आणि अंतर निम्मं करून मगच समाधान पावणार. पण 90 नॉटला, 20 अंशांच्या कलाने, पूर्ण उलटं वळायला जवळपास 4,000 फूट रुंदी लागते. 30 अंशांचा कल दिला तरी 2,500. दोन हजारांत ते वळण बसतच नाही. विमान धावपट्टीची रेषा ओलांडून पलीकडे जाणार, आणि ते परत ओढण्यासाठी हात आपोआप कल वाढवणार, नाक वर खेचणार. कमी वेग, जास्त कल, खेचलेलं नाक, पाचशे फूट उंची. इथेच विमानं स्टॉल होऊन कोसळतात. एक फसवा कोन आणि त्यापुढची सगळी साखळी, वहीच्या एका पानावर मावली.

घिरटीत नजरेवर विसंबायचं असतं, असं मी सगळीकडे वाचलं होतं. ते खरंच आहे. फक्त ती नजर हजार फुटांवर घडवलेली असते आणि घिरटीच्या उंचीवर ती चुकीचं अंतर सांगते. उंचीप्रमाणे तिला नवं मोजमाप द्यावं लागतं. आमच्या सेसनात पंखाखालच्या तिरक्या आधारदांड्यावर धावपट्टी कुठे दिसायला हवी, ती जागा इन्स्ट्रक्टरनी मला दोन्ही उंच्यांसाठी वेगवेगळी दाखवून दिली.

आणखी एक सवय आड येत होती. रोजच्या फेऱ्यात धावपट्टीचं टोक बाजूला आलं की हात आपसूक थ्रॉटलवर जातो. शक्ती कमी, फ्लॅप, उतरायला सुरुवात. घिरटीत तिथे उतरायचं नाही. एमडीए धरून ठेवायची, धावपट्टीवर नेहमीच्या उताराने, नेहमीच्या वळणांनी पोचता येईल अशी जागा येईपर्यंत. 500 फुटांवरून 3 अंशांच्या उताराला सुमारे दीड सागरी मैलाची वाट पुरते, म्हणजे बेसचं वळण, समांतर वाट सोडून धावपट्टीकडे वळायचं पहिलं वळण, सुरू होईपर्यंत घाई करण्याचं कारणच नसतं. एमडीए सोडली की ती 300 फुटांची हमीही सुटली; त्यानंतर अडथळे चुकवणं सर्वस्वी आपल्या डोळ्यांवर. आणि नेमक्या त्या बेसच्या वळणात सेसनाचा डोक्यावरचा पंख खाली झुकून धावपट्टी झाकतो. काही क्षण फक्त पंखाची खालची बाजू दिसते. नियम या क्षणांना माफी देतो हे आधी वाचलं होतं, ते का द्यावं लागतं ते तिथे कळलं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच प्रश्नाने. फिरता फिरता धावपट्टी दिसेनाशी झाली, एखादं ढगाचं लक्तर मध्ये आलं, तर जायचं कुठे? परतीची वाट, मिस्ड अप्रोच, रेघ संपते त्या ठरावीक ठिकाणापासून आखलेली असते. मी तर ते ठिकाण सोडून भलतीकडेच असेन, कदाचित उलट्या तोंडाने. पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं: चढायला लाग, आणि चढता चढता उतरायच्या धावपट्टीच्या दिशेने वळ, मग ठरलेल्या परतीच्या वाटेला लाग. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे उफराटं वाटलं. जे दिसत नाही त्याच्याकडे का वळायचं? मी काढलेला तो कर्कटकाचा आकार पुन्हा समोर घेतला आणि उत्तर सापडलं. धावपट्टी त्या आकाराच्या मध्यावर आहे. आपण कुठेही असलो तरी तिच्याकडे वळलं की आपण हद्दीच्या आत आत जातो, डोंगरांपासून दूर. दुसऱ्या कुठल्याही बाजूला वळणं म्हणजे काठाकडे जाणं.

हे वाचताना मला बुसानचा अपघात सतत आठवत होता. 15 एप्रिल 2002, एअर चायनाचं बोइंग 767, बीजिंगहून दक्षिण कोरियात बुसानच्या गिमहे विमानतळावर येत होतं. वारा दक्षिणेकडून होता, म्हणून दक्षिणेकडून अप्रोच करून, विमानतळाला वळसा घालून, उत्तरेच्या टोकाने 18 उजव्या धावपट्टीवर उतरायचं होतं. समांतर उडताना तोंड उत्तरेला, वारा पाठीशी, आणि उत्तरेला डोंगर. बेसचं वळण लांबलं, विमान हद्दीच्या बाहेर गेलं, धावपट्टी दिसेनाशी झाली आणि तरीही वर चढायचा निर्णय झाला नाही. विमानातल्या 166 जणांपैकी 129 जण गेले. जो वारा घिरटी घालायला लावतो तोच वारा समांतर जाताना मागून ढकलतो, आणि ढकलतो तो हद्दीकडेच. हे इतकं उघड आहे, पण त्या अपघाताचा नकाशा समोर ठेवून वाऱ्याचा बाण स्वतः काढेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. आता मी समांतर जाताना वारा पाठीशी असेल तर वळायचे सेकंद आधीच कमी करून लिहिते.

दुसरा अपघात माझ्या घराजवळचा. 27 डिसेंबर 2021च्या रात्री एक लिअरजेट 35 गिलेस्पी फील्डला, सॅन डिएगोच्या पूर्वेला एल कहोनमध्ये, परतत होतं. आत दोन वैमानिक आणि हवाई रुग्णसेवेच्या दोन परिचारिका अशी चार माणसं. ती उत्तरेकडून धावपट्टी 17च्या अप्रोचवर आली, विमानतळ दिसलं, इन्स्ट्रुमेंट उड्डाणाची योजना रद्द केली आणि जास्त लांबीची 27 उजवी धावपट्टी मागितली. विमानतळावरून पार होऊन डावीकडे वळसा घालायचा होता. ढग खाली आलेले होते. विमान पूर्वेकडच्या वस्तीत पडलं आणि चौघेही गेले. कायद्याच्या काटेकोर भाषेत तो सर्कलिंग अप्रोच राहिला नव्हता, कारण योजना रद्द झाली होती. पण आकाशातली भूमिती तीच: रात्र, कमी उंची, वेगवान विमान, भोवती टेकड्या, आणि अंधारात धावपट्टी सोडून काही दिसत नाही. टेकडीला रात्री दिवा नसतो. तिच्यावरचं एखादं घर असेल तर तेवढं दिसतं, आणि दोन घरांच्या मधला काळोख मोकळी जागा आहे असंच वाटतं. मी त्या भागावरून दिवसा अनेकदा जाते. खाली पाहिलं की वाटतं, सगळं किती जवळ जवळ आहे.

कित्येक प्लेटांवर बारीक अक्षरात टीप असते: रात्री सर्कलिंगला मनाई, किंवा अमुक धावपट्टीच्या अमुक बाजूला मनाई. ती टीप म्हणजे तिथे डोंगर किंवा अडथळा आहे हे सांगण्याची पद्धत. माझं स्पष्ट मत असं झालं आहे की नवख्या वैमानिकाने टीप नसलेल्या ठिकाणीही रात्रीची, किंवा 1 मैल दृश्यतेतली घिरटी घालू नये. कायदा उंबरठा ठरवतो. त्यावर उभं राहायला किती कौशल्य लागतं हे त्या कोष्टकात लिहिलेलं नसतं. शेजारच्या विमानतळावर सरळ उतरता येत असेल तर तिकडे जावं आणि टॅक्सी करून घरी यावं.

म्हणून सर्कलिंग शिकू नये असं मात्र मी म्हणणार नाही. उलट, इन्स्ट्रुमेंट उड्डाणातलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं प्रकरण हेच. बाकी अप्रोचमध्ये मी रेघेच्या मागे जात होते. इथे रेघ कुणी का काढली, डोंगर कुठे आहे, वारा काय करणार, माझं विमान किती जागेत वळतं, हे सगळं जमिनीवर असतानाच विचारावं लागलं. आता मांडीवरच्या पाटीवर प्लेटशेजारी एक कोरा कागद असतो. त्यावर धावपट्टी काढायची, भोवती 1.3 मैलांचा आकार, वाऱ्याचा बाण, टेकडीची बाजू, कुठल्या हाताला फिरणार, वेग, वळायच्या आधीचे सेकंद, आणि दिसेनासं झालं तर पहिलं वळण कुठे. हे काढायला पाच मिनिटं पुरतात. ढगात शिरल्यावर ती पाच मिनिटं मिळत नाहीत.

परीक्षेत सर्कलिंग अप्रोच करून दाखवावाच लागतो. फिरताना एमडीएच्या वर 100 फुटांपर्यंत सूट आहे, खाली एका फुटाचीही नाही. परीक्षक कुठलं विमानतळ निवडतील ते आधी सांगत नाहीत, म्हणून आसपासच्या सगळ्या अक्षरी अप्रोचचे कागद मी काढून ठेवते आहे. भाच्याला त्यांचे फोटो पाठवले होते. त्याने एका कागदावर लाल गोल करून परत पाठवला: वाऱ्याचा बाण काढला होता, पण आकडा लिहायचा राहिला होता.